एकटीच्या कामाला किती नोंदण्या?

पत्र :

सर, मी नाशिकची, वय ३१. पुण्याच्या एका आयटी कंपनीत ६० हजार पगाराची नोकरी होती, ती जून २०२५ अखेर सोडली. आता घरूनच वेबसाइट डेव्हलपमेंटची कामं करते. पुण्याचीच दुसरी एक कंपनी महिन्याला ७० हजारांचं काम देते, त्यातून १० टक्के टीडीएस कापून ६३ हजार खात्यात येतात. अमेरिकेतल्या एका क्लायंटकडून साधारण ६० हजार येतात, त्यात काहीच कापलं जात नाही. माझे दीर म्हणतात, लगेच जीएसटी नंबर काढ, नाहीतर नोटीस येईल. एक एजंट जीएसटी, उद्यम, गुमास्ता असं सगळं ‘पॅकेज’ १२ हजारांत करून देतो म्हणतो. कंपनीच्या अकाउंट्समधल्या मॅडम म्हणतात, जीएसटी नंबर नसेल तर पुढचं बिल अडेल. मैत्रीण म्हणते, टीडीएस कापला म्हणजे टॅक्स भरला, विषय संपला. अमेरिकेचे पैसे नवऱ्याच्या खात्यावर मागवावेत का, अशीही घरात चर्चा आहे. मी नक्की काय काय करायचं, आणि टॅक्स किती भरायचा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर :

ताई, आधी त्या एजंटला नको म्हणून कळवा. त्याच्या पॅकेजमधली उद्यम, म्हणजे लहान उद्योगाची, नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते आणि जीएसटी नोंदणीलाही सरकारी फी नाही. बारा हजार जाणार ते फॉर्म भरून देण्याचे. बरं, त्यातल्या ज्या नोंदणीची तुम्हाला आज गरज नाही तीच तो सगळ्यात आधी काढून देईल. आणि जी खरोखर सक्तीची आहे, तिचं नाव तुमच्या पत्रात कुणाच्याच तोंडी नाही. ना दिरांच्या, ना एजंटच्या, ना अकाउंट्सच्या मॅडमच्या.

ती म्हणजे व्यवसाय कराची नोंदणी. नोकरीत असताना तुमच्या पगारातून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जायचे, तोच हा प्रोफेशन टॅक्स. तेव्हा तो भरणं मालकाचं काम होतं. आता मालक तुम्हीच, म्हणून महाराष्ट्राच्या १९७५च्या व्यवसाय कर कायद्याखाली स्वतःच्या नावाने पीटीईसी, म्हणजे एनरोलमेंट सर्टिफिकेट, काढावं लागतं. काम सुरू झाल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. तुमचे ते दिवस कधीच उलटून गेलेत, तेव्हा आता जास्त उशीर करू नका. राज्याच्या महाजीएसटी पोर्टलवर पॅन, पत्ता आणि बँकेचे तपशील भरून अर्ज होतो. कर वर्षाला २,५००. एरवी तो ३० जूनपर्यंत भरायचा, पण ३१ मेनंतर नोंदणी केली तर नोंदणीपासून महिनाभरात. पगारदार बायकांना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर जी माफी आहे ती नोकरीपुरती, स्वतंत्र व्यवसायाला ती लागू नाही. आणि यापेक्षा जास्त व्यवसाय कर सरकार घेऊही शकत नाही, कारण घटनेच्या २७६व्या कलमानेच वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घालून दिली आहे. आपल्याकडे हा कर आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदारांनी दुष्काळी भागातल्या मजुरीचा भार उचलायचा, असा तो विचार होता. त्यामुळे अडीच हजार भरताना मला तरी फारसं जड जात नाही.

पीटीईसी आणि पीटीआरसी यांत गोंधळू नका. पीटीआरसी पगारी माणसं ठेवणाऱ्यांसाठी आहे. तुमच्याकडे कुणी नोकरीला नाही, मग ते काढायचं नाही. काढलंत तर उगाच त्याचे रिटर्न मागे लागतील.

आता जीएसटी. सेवा पुरवणाऱ्यांना महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा आहे वर्षाला २० लाख. तुम्ही वस्तू विकत नाही, त्यामुळे ४० लाखांचा आकडा कुणी सांगितला तर तो तुमचा नव्हे. तुमची जमा बघू. जुलै ते मार्च नऊ महिने धरले तर पुण्याच्या कंपनीचे ६ लाख ३० हजार आणि अमेरिकेचे ५ लाख ४० हजार, मिळून ११ लाख ७० हजार. पुढचं आख्खं वर्ष याच चालीने गेलं तरी १५ लाख ६० हजार. म्हणजे २० लाखांच्या बरेच आत. नोटीस कसली?

दिरांच्या म्हणण्यामागे एक जुनी समजूत असावी. दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात सेवा दिली की पहिल्या रुपयापासून जीएसटी नंबर लागतो, असं पुष्कळ जण अजून सांगतात. वस्तूंच्या बाबतीत त्यात तथ्य होतं, पण सेवांना २०१७ मध्येच यातून सूट मिळाली. मात्र एक लक्षात ठेवा. २० लाख मोजताना अमेरिकेचे पैसेही धरायचे. परदेशी सेवेवर कर शून्य असतो, म्हणून ती मोजायचीच नाही असं नाही.

मर्यादेच्या आत असूनही स्वखुशीने नोंदणी करता येते. पण एकदा नंबर घेतला की काम असो नसो, रिटर्न भरावेच लागतात. एखाद्या तिमाहीत एक रुपयाचं बिल नसलं तरी निल रिटर्न भरायचं, आणि तेही चुकलं तर दिवसाला वीस रुपये विलंब शुल्क. शिवाय पुण्याच्या बिलावर १८ टक्के लावायचे, ते गोळा करायचे आणि सरकारला पोचते करायचे. अमेरिकेच्या बिलावर कर लागू नये म्हणून दरवर्षी एलयूटी नावाचं हमीपत्र भरून द्यायचं. ‘नंबर असला की क्लायंटवर छाप पडते’ एवढ्यासाठी हे लचांड गळ्यात घेऊ नका. जमा सतरा-अठरा लाखांकडे सरकायला लागली की अर्जाची तयारी करा. मर्यादा ओलांडल्यावर तीस दिवसांत अर्ज करायचा असतो, तेव्हा धावपळ नको.

अकाउंट्सच्या मॅडमशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक रकाना रिकामा राहतो, एवढाच त्यांचा त्रास आहे. त्यांना एक पानी पत्र द्या : ‘चालू आर्थिक वर्षात माझी एकूण उलाढाल जीएसटी कायद्यातील नोंदणीच्या मर्यादेपेक्षा कमी असल्याने मी नोंदणीकृत नाही. मर्यादा ओलांडल्यास तसे लेखी कळवीन.’ खाली पॅन, तारीख, सही. बहुतेक कंपन्यांना हे चालतं. आणि नंबर मिळेपर्यंत तुमच्या बिलावर ‘जीएसटी’ नावाची ओळ चुकूनही येता कामा नये. नोंदणी नसताना हा कर गोळा करणं हा सरळ गुन्हा ठरतो.

बिलाचं म्हणाल तर ते साधंच असू द्या. अनुक्रमांक, तारीख, दोघांचे नाव-पत्ते, तुमचा पॅन, कामाचं वर्णन, रक्कम, बँकेचे तपशील. क्रमांक वर्षभर सलग चालला पाहिजे, मध्ये गाळलेला नको. अमेरिकेच्या क्लायंटलाही बिल पाठवाच, त्याने मागितलं नाही तरी.

उद्यम नोंदणी सक्तीची नाही, तरी मी करायला सांगेन. आधार आणि पॅनवर घरबसल्या होते. याचा खरा उपयोग पैसे अडकले की कळतो. एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या, कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल कंपनीने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करायचं असतं. नाही केलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. त्यातून आयकर कायद्यात ४३बी कलमाला ‘एच’ हा नवा भाग जोडला गेल्यापासून, मुदतीत न दिलेल्या बिलाची वजावट कंपनीला त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्यावर मिळते. मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करून ‘तुमचं उद्यम आहे का’ विचारतात ते यासाठीच. काम हातात घेण्याआधी नोंदणी झालेली बरी आणि बिलावर उद्यम क्रमांक छापलेला बरा.

गुमास्ता? एकट्याने घरून काम करणाऱ्याला नोंदणी लागत नाही. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात लहान आस्थापनांना फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. बँकेने चालू खात्यासाठी व्यवसायाचा पुरावा मागितला तर त्या सूचनेची पावती किंवा उद्यमचं प्रमाणपत्र कामी येतं. कंपनी, एलएलपी वगैरे सध्या डोक्यातही आणू नका. स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या पॅनवर काम करायला वेगळी संस्था काढावी लागत नाही.

आता तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं. टीडीएस कापला म्हणजे विषय संपला, हे अर्धवट आहे, आणि तुमच्या बाबतीत तर यातलं नुकसान तुमचंच आहे. टीडीएस ही तुमच्या नावावर सरकारकडे ठेवलेली अनामत समजा. खरा कर किती, हे वर्षअखेर रिटर्नमध्ये ठरतं. कमी निघाला तर फरक परत येतो, पण रिटर्न भरलं तरच. तुमचे दरमहा ७ हजार म्हणजे नऊ महिन्यांत ६३ हजार जमा होणार. मैत्रिणीचं ऐकून रिटर्न भरलं नाहीत तर ते तिथेच राहतील.

किती कर लागेल, हे मांडून बघू. तुमचं काम माहिती तंत्रज्ञानाचं, आणि हा व्यवसाय आयकर कायद्यात अधिसूचित आहे. त्यामुळे तुम्हाला कलम ४४एडीए खुलं आहे. एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, उरलेली निम्मी खर्चाची मानली जाते. लॅपटॉप, इंटरनेट, विजेचं बिल यांच्या पावत्या जोडत बसायचं नाही, हिशेबाची वहीखाती आणि ऑडिटही नाही. यासाठी वर्षाची जमा ५० लाखांच्या आत हवी. रोखीचा भाग पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ही मर्यादा ७५ लाख होते.

तुमचे ११ लाख ७० हजार. निम्मे ५ लाख ८५ हजार. त्यात एप्रिल ते जूनचा पगार १ लाख ८० हजार, त्यातून पगारदारांची ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन १ लाख ५ हजार. एकूण उत्पन्न ६ लाख ९० हजार. बँकेचं व्याज असेल तर ते यात मिळवा. २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही आणि पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, म्हणजे तुमचा कर १४,५००. पण एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७एची सवलत हा कर पुसून टाकते. देणं शून्य. ६३ हजारांचा सगळा टीडीएस परत.

बघा, गंमत अशी की तुमच्यासारख्या कामात आयकराच्या आधी जीएसटी दारात येतो. दुसरं काही उत्पन्न नसेल तर जमा २४ लाखांवर जाईपर्यंत आयकर शून्यच राहतो. जीएसटीची रेघ २० लाखांवर. म्हणून नजर ठेवायची ती उत्पन्नावर नव्हे, वर्षाच्या एकूण जमेवर.

इथे तीन इशारे देऊन ठेवतो. जमा म्हणजे बिलाची पूर्ण रक्कम. खात्यात ६३ हजार आले तरी जमा ७० हजारच. अमेरिकेचे पैसे एखाद्या प्लॅटफॉर्ममार्फत येत असतील आणि तो कमिशन कापून घेत असेल, तर कमिशन कापण्याआधीचा आकडा धरायचा. दुसरं, निम्मं हा किमान आकडा आहे. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा, असा कायद्याचा रोख आहे, आणि व्यवहारातही ते शहाणपणाचं ठरतं. दोन वर्षांनी घराचं कर्ज मागायला जाल तेव्हा बँक तुमची जमा बघणार नाही, रिटर्नमधलं उत्पन्न बघेल. निम्म्यापेक्षा कमी दाखवायचं असेल तर मात्र वहीखाती आणि ऑडिट मागे लागतं. तिसरं, शेअर विकून नफा झाला असेल तर ८७एची सवलत त्या नफ्यावरच्या विशेष दराच्या कराला मिळत नाही.

आणि हे वाचून तुमच्या एखाद्या भाषांतरकार किंवा कंटेंट रायटर मैत्रिणीने डोळे मिटून ४४एडीए लावू नये. हे कलम ठरावीक व्यवसायांसाठीच आहे : वकिली, वैद्यकी, अभियांत्रिकी, वास्तुरचना, हिशेबतपासनीस, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, माहिती तंत्रज्ञान, चित्रपटनिर्मितीतले कलावंत-तंत्रज्ञ असे काही. यादीत आपलं काम बसतं की नाही, हे ज्याचं त्याने सीएला विचारून ठरवावं.

आगाऊ कराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे लागेल. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १० हजार किंवा अधिक निघत असेल तर तो वर्ष संपायच्या आत भरायचा असतो. इतरांना त्याचे चार हप्ते, ४४एडीएवाल्यांना एकच, १५ मार्चपर्यंत. चुकला की महिन्याला एक टक्का व्याज. यंदा तुमचं देणं शून्य, म्हणून ही तारीख तुम्हाला लागू नाही. पण मार्चच्या पहिल्या आठवड्यात वरचं गणित खऱ्या आकड्यांनी पुन्हा एकदा मांडून बघा, मध्येच एखादं मोठं काम आलेलं असतं.

रिटर्नचा फॉर्म आयटीआर-४, म्हणजे सुगम. पगार, ४४एडीएचं उत्पन्न आणि व्याज तिन्ही त्यात बसतं. अमेरिकेच्या पैशांचं काम तुम्ही नाशकात बसून केलंय, म्हणून ते उत्पन्न भारतातलंच. मात्र परदेशात तुमच्या नावाचं बँक खातं किंवा शेअर असतील तर सुगम चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. भरण्याआधी पोर्टलवर २६एएस आणि एआयएस ही तुमच्या टीडीएसची आणि उत्पन्नाची विवरणं उघडा. कंपनीने कापलेला प्रत्येक रुपया तिथे तुमच्या पॅनवर दिसला पाहिजे. दर तिमाहीनंतर कंपनीकडून फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएसचा दाखला, मागून घ्या. कापून घेतलाय पण भरलाच नाही असे नमुने निघतात, आणि ते जुलैत कळण्यापेक्षा ऑक्टोबरात कळलेलं चांगलं. ऑडिट नसलेल्या व्यवसायाला मुदत आता ३१ ऑगस्टची असली तरी तुम्ही ३१ जुलै धरून चाला. २०२५ मध्ये ती वाढत वाढत १६ सप्टेंबरला गेली, म्हणून यंदाही जाईल या भरवशावर राहू नका. उशीर झाला तर उत्पन्नानुसार एक हजार किंवा पाच हजार शुल्क, आणि तुमचे ६३ हजार तेवढे दिवस लांबणीवर. रिटर्न भरल्यावर तीस दिवसांत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा, नाहीतर भरलेलं न भरल्यासारखं.

पुढच्या वर्षी बारा महिन्यांचे ८४ हजार असे अडकून पडतील. ते नको असतील तर कमी दराने टीडीएस कापण्याचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून मिळतं, त्यासाठी अर्ज करा. टीडीएस कापू नका म्हणून बँकेत देतात तो १५जीसारखा फॉर्म इथे चालत नाही, कुणी सुचवला तर भरू नका. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत. वर सांगितलेले क्रमांक २०२५-२६ च्या रिटर्नसाठी बरोबर आहेत.

शेवटी नवऱ्याच्या खात्याचं. अजिबात नको. काम तुमचं, बिल तुमचं, म्हणून उत्पन्नही तुमचंच, पैसे कुठल्याही खात्यात गेले तरी. त्यांच्या खात्यात गेले की पाच लाखांहून जास्त रक्कम त्यांच्या नावावर परदेशातून आलेली दिसेल, आणि त्यांच्या पगारावर ती कुठून आली याचा खुलासा त्यांना करावा लागेल. तुमच्या हातात जो कर शून्य आहे, तो त्यांच्या हातात शून्य राहीलच असं नाही. आणि परदेशी पैसे आल्याचा बँकेचा दाखला, ज्याला एफआयआरए म्हणतात, तोही त्यांच्या नावाने निघेल. उद्या तुम्ही जीएसटी घेतलात तर निर्यात सिद्ध करायला तो कागद तुमच्या नावाचा लागेल.

तुमच्याच नावाचं एक वेगळं खातं या कामापुरतं ठेवा, घरखर्चाचं त्यात मिसळू नका. अमेरिकेचा क्लायंट डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म मागेल किंवा मागितलाही असेल. मी अमेरिकेची करदाती नाही, एवढंच तो फॉर्म सांगतो. न घाबरता भरून द्या, त्यात तुमचा पॅनच कर क्रमांक म्हणून जातो. आणि दर वेळी पैसे आले की बँकेत परपज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणारा क्रमांक, सॉफ्टवेअर सेवेचाच लागलाय ना, हे तपासा. घाईत कुटुंबाच्या खर्चासाठी आलेली रक्कम म्हणून नोंद झाली असेल तर त्याच आठवड्यात अर्ज देऊन ती दुरुस्त करून घ्या.